फटक्यांचा एक शब्द : ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ आणि शास्त्राशी इमान

येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयच्या शुभवर्तमानात 27व्या अध्यायातलं 26वं वचन उघडून पाहा. रोमन सुभेदार पिलाताने बरब्बा नावाच्या कैद्याला सोडलं, येशूला फटके मारून वधस्तंभावर खिळायला सोपवून दिलं. झालं. ‘फटके मारून’ला मूळ ग्रीकमध्ये एकच धातुसाधित आहे, वाक्याचं मुख्य क्रियापद ‘सोपवून दिलं’ हे आहे. मार्कनेही तेवढ्यावरच भागवलं. योहानाने एक लहानसं वाक्य दिलं. लूक तर पिलाताच्या तोंडी ‘याला शिक्षा करून सोडून देतो’ असं दोनदा घालतो, पण ती शिक्षा प्रत्यक्ष झाल्याचं सांगतच नाही.

2004 साली मेल गिब्सन या दिग्दर्शकाने ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये या एका शब्दाशी कॅमेरा रोवला. आधी छड्या. येशू कोसळतो, पुन्हा उभा राहतो. त्या उभं राहण्याने शिपाई चवताळतात आणि टोकाला अणकुचीदार तुकडे बांधलेले चाबूक उचलतात. कातडी सोलली जाते, रक्त शिंपडतं, एकजण लॅटिनमध्ये आकडे मोजत राहतो. पाठ संपली की उताणं करून पुढून. प्रेक्षकाला वाटतं, आता थांबेल. थांबत नाही. आणि या चित्रपटाची जाहिरात, चर्चमधून झालेली त्याची भलामण, त्याच्या बाजूने लिहिले गेलेले लेख या सगळ्यांत एकच दावा पुन्हा पुन्हा होता : हा चित्रपट शुभवर्तमानांशी प्रामाणिक आहे.

तो दावा तपासण्यासाठी हे प्रकरण मला इतर कुठल्याही ख्रिस्तपटापेक्षा सोयीचं वाटतं. एरवी दिग्दर्शक ‘ही माझी कल्पना आहे’ असं सांगून मोकळा होतो. इथे तसं सांगितलं गेलं नाही. आपण होऊन कसोटी मागितली गेली.

आधी हकीकत थोडक्यात. गिब्सन हा पारंपरिक वळणाचा कॅथलिक, लॅटिनमधल्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा, आग्रही. सुमारे 3 कोटी डॉलरचा खर्च त्याने स्वतःच्या कंपनीतून केला. चित्रीकरण इटलीत झालं, रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत आणि दक्षिणेकडच्या मातेरा या दगडी गावात. संवाद अरामी, लॅटिन आणि थोडे हिब्रू. भाषांतराचं काम विल्यम फुल्को या येशूसंघीय (जेझुइट) पंडिताने केलं. सबटायटल्स मुळात नकोच होती, ती नंतर आली. 25 फेब्रुवारी 2004 रोजी, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्याच दिवशी, तो अमेरिकेत लागला. चर्चनी अख्खी थिएटरं आरक्षित केली. जगभरची कमाई 60 कोटी डॉलरच्या पुढे गेली.

त्याआधी डिसेंबर 2003 मध्ये बातमी आली होती की पोप दुसरे जॉन पॉल यांनी चित्रपट पाहिला आणि ‘जसं घडलं तसंच आहे’ असे उद्गार काढले. जानेवारीत त्यांच्या सचिवांनी, स्तानिस्वाव जिविश यांनी, पोप असं काही बोललेच नाहीत म्हणून सांगितलं. पोप बोलले की नाही याचा कीस काढण्यात मला रस नाही. मला त्या उद्गाराच्या हौशीत रस आहे. ‘सुंदर आहे’, ‘हृदय हेलावतं’ असलं प्रशस्तिपत्र कुणाला नको होतं. हवं होतं ते साक्षीदाराचं प्रमाणपत्र.

आता आत शिरू.

सुरुवात गेथशेमाने बागेपासून. मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला जातो, येशू तो जागच्या जागी बरा करतो, आणि तो दास, मल्ख, भारावून तिथेच बसून राहतो. दृश्य उत्तम आहे. पण ते कुठलं? दासाचं नाव फक्त योहान देतो. कान बरा केल्याचं फक्त लूक सांगतो. योहानाच्या मल्खाचा कान कापलेलाच राहतो, आणि लूकच्या दासाला नाव नाही. दोघांना शिवून एक माणूस तयार झाला. तसंच पुढे : पिलाताच्या बायकोचं स्वप्न फक्त मत्तयमध्ये, हेरोद राजाकडची पेशी फक्त लूकमध्ये, ‘सत्य म्हणजे काय?’ हा प्रश्न फक्त योहानात. वधस्तंभावरची सात वाक्यं तर चार ग्रंथांत विखुरलेली आहेत. मार्क आणि मत्तय यांच्या येशूच्या वाट्याला त्यांतलं एकच आलं आहे, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्या दोघांचा येशू एवढं बोलून, नुसती एक आरोळी मारून मरतो. चित्रपटातला येशू सातही बोलतो. मार्कच्या मरणातली भयाण शांतता लूक आणि योहान यांची वाक्यं घातली की विरते. एकही शब्द बाहेरून आणलेला नाही, तरी मार्क हरवला.

हा दोष एकट्या गिब्सनचा म्हणता येणार नाही. चार कथांची एक कथा करण्याची खोड दुसऱ्या शतकापासूनची आहे. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली गोव्यात राचोल इथे छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ही जुन्या-नव्या कराराची एक सलग पुराणकथा करतं, तीही मराठी ओव्यांत. पण स्टीफन्सने ग्रंथाच्या नावातच ‘पुराण’ म्हटलं. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा श्रोत्याला ठाऊक असतं की पदरचं काही येणार. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, तरी ती नसलेलं रामायण आता आपल्याला चालणार नाही. प्रक्षिप्त म्हणून ती कुणी पुसायला निघालं तर आपणच काठी घेऊन उभे राहू.

व्हेरोनिका ही ख्रिस्ती माणसाची लक्ष्मणरेषा आहे. गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे होते, येशूच्या तोंडावरचं रक्त पुसते, कापडावर त्याचा चेहरा उमटतो. वसईत लहानपणी दर उपवासकाळात क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतला एकेक प्रसंग आठवत एकेका स्थानावर थांबून करायची प्रार्थना, चालताना सहाव्या स्थानावर मी गुडघे टेकले आहेत, आणि ती बाई बायबलमध्ये नाही हे कळायला मला कॉलेज उजाडावं लागलं. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावरचं येशूचं पडणंही शुभवर्तमानांत नाही. चित्रपटात हे सगळं आहे. गंमत अशी की 1991 च्या गुड फ्रायडेला पोप दुसरे जॉन पॉल यांनीच रोमच्या कलोसियममध्ये शास्त्राधारित क्रूसाची वाट सुरू केली, आणि तिच्यातून ती तीन पडणी आणि व्हेरोनिका दोन्ही वगळली. ज्यांच्या तोंडी ‘जसं घडलं तसंच’ घातलं गेलं, त्यांनी हा फरक तेरा वर्षं आधी चालून दाखवला होता.

व्हेरोनिकाबद्दल माझी तक्रार नाही. ती शतकांच्या प्रार्थनेतून घडली आहे आणि बहुतेक प्रेक्षक तिला ओळखतात. तक्रार आहे ती दुसऱ्या एका उगमाबद्दल, जो प्रेक्षकांना ठाऊकच नव्हता.

ॲन कॅथरीन एमरिख (1774–1824) ही जर्मनीतली एक ऑगस्टिनियन संन्यासिनी. मठ बंद झाल्यावर ड्युल्मेन गावी अंथरुणाला खिळून राहिली. तिला दृष्टान्त होत. क्लेमेन्स ब्रेन्टानो नावाचा कवी तिच्या उशाशी बसून ते टिपून घेई. तिच्या मृत्यूनंतर, 1833 मध्ये, त्याने येशूच्या दुःखसहनाच्या, म्हणजे अखेरच्या छळाच्या आणि मरणाच्या, दृष्टान्तांचं पुस्तक काढलं. त्यात तिचं किती आणि कवीचं किती, हे वेगळं करता येत नाही. 3 ऑक्टोबर 2004 रोजी, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, चर्चने एमरिखला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, पण तिच्या नावावरचं हे लिखाण विचारातून बाजूला ठेवून. चर्च इतकं सावध राहिलं. चित्रपट राहिला नाही. अटकेनंतर येशूला साखळदंडासकट पुलावरून खाली लोटतात, तो पूल ब्रेन्टानोच्या पुस्तकातला. पिलाताची बायको येशूच्या आईला, मरीयेला, पांढरी वस्त्रं देते आणि मरीया त्यांनी फरशीवरचं रक्त टिपते, तेही तिथलंच. खिळ्याचं भोक लांब पडलं म्हणून हात ओढून ताणणंही. शुभवर्तमानं जिथे गप्प आहेत तिथे एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन कवी बोलू लागतो, आणि पडद्यावर त्याचा आवाज मत्तय-मार्काच्या आवाजापासून वेगळा ओळखू येत नाही. श्रेयनामावलीत चार ओळी घातल्या असत्या तरी अर्धं भांडण मिटलं असतं.

भाषेबद्दल फार लिहीत नाही. अरामी आणि लॅटिन कानावर पडलं की अस्सलपणाचा भास होतो हे खरं. पण त्या काळच्या पूर्वेकडच्या रोमन कारभाराची बोली ग्रीक होती, शुभवर्तमानं ग्रीकमध्ये लिहिली गेली, योहान तर म्हणतो की वधस्तंभावरचा लेख हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता. चित्रपटात ग्रीक संवाद औषधालाही नाही. नासरेथचा सुतार पिलाताला लॅटिनमध्ये उत्तर देतो, आणि तेही चर्चमधल्या उच्चाराच्या लॅटिनमध्ये. अस्सलपणासाठी निवडलेली ही लॅटिन रोमच्या छावणीतून येण्याऐवजी दिग्दर्शकाच्या मिस्सेतून आली आहे.

खरी गाठ पुढे आहे, आणि ती एका वचनाची आहे.

मत्तय 27:25. पिलात हात धुतो आणि ‘सर्व लोक’ उत्तर देतात : ‘त्याचं रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो.’ चारांपैकी एकट्या मत्तयमध्ये हे आहे. या एका वाक्याच्या आधाराने युरोपात यहुद्यांना ‘देवाचे खुनी’ ठरवलं गेलं, आणि होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, नेमक्या दुःखसहनाच्या नाटकांच्या दिवसांत, त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत आले. 28 ऑक्टोबर 1965 रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. बव्हेरियातल्या ओबरामरगाऊ गावात 1634 पासून दुःखसहनाचं नाटक होत आलं आहे. हिटलरने 1934 मध्ये ते पाहिलं आणि पुढे त्याची वाखाणणी केली. त्या गावाने भांडत-तंडत का होईना, 2000 सालच्या प्रयोगातून हे वाक्य काढून टाकलं.

तेव्हा गिब्सनच्या टेबलावर प्रश्न असा होता : शास्त्रातलं वाक्य ठेवायचं, की शास्त्राच्या नावाने झालेल्या रक्तपाताची आठवण ठेवायची?

2003 मध्ये कॅथलिक आणि यहुदी अभ्यासकांच्या एका गटाने संहितेचा एक मसुदा वाचून अहवाल दिला. याजक एकसुरी दुष्ट, पिलात विचारी आणि हळवा, हिंसा बायबलच्या पलीकडची, असे त्यांचे मुद्दे. निर्मात्यांनी मसुदा चोरीचा आहे म्हणत कायद्याची धमकी दिली, आणि अमेरिकेच्या बिशप परिषदेने हा अहवाल आपला अधिकृत नाही म्हणून हात झटकले. वास्तविक त्याच परिषदेच्या समितीने 1988 साली अशा नाटक-चित्रपटांसाठी निकष लिहून ठेवले होते. त्यांतला एक मुद्दा मला या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा वाटतो : ‘हे बायबलमध्ये आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही, चार वृत्तान्तांतून तुम्ही जे निवडलंत त्याचा जाब तुम्हांला द्यावा लागेल. सोळा वर्षं आधी घरातच उत्तर होतं. फडताळातून काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

गिब्सनने शेवटी जे केलं ते त्याच्या चित्रपटातलं मला सर्वांत बोलकं वाटतं. वाक्य ध्वनिपट्टीवर ठेवलं, सबटायटल काढलं. गर्दीच्या गोंगाटात ते अरामीत उच्चारलं जातं आणि पडद्याचा खालचा भाग रिकामा राहतो. ज्याने अरामी भाषा हे इमानाचं लक्षण म्हणून मिरवलं, त्याने त्याच भाषेच्या आड एक वचन लपवलं. शास्त्राच्या बाजूने म्हणावं तर लोकांपर्यंत पोचवलं नाही. शेजाऱ्याच्या, म्हणजे यहुद्यांच्या, बाजूने म्हणावं तर पुसलं नाही. या तडजोडीवर दोन्ही बाजू नाराज झाल्या. मला मात्र इथे तो पहिल्यांदा प्रामाणिक वाटला, म्हणजे गोंधळलेला. तोवर त्याला निवड करतोय हेच कबूल नव्हतं.

पिलाताचं चित्र मात्र गोंधळातून आलेलं नाही. लूक 13:1 मध्ये त्याने गालीलकरांचं रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळल्याचा उल्लेख आहे. यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला पदावरून परत बोलावलं गेलं. रोमच्या मर्जीवाचून एकही महायाजक त्या गादीवर टिकत नव्हता. चित्रपटात हा माणूस बायकोशी सत्याच्या स्वरूपावर चर्चा करतो आणि महायाजक कयफापुढे हतबल होतो. आता, शुभवर्तमानांतही पिलात कचरतो, हे मान्य. पण कचरणाऱ्याला संपूर्ण अंतःकरण द्यायचं आणि याजकांना फक्त डोळे वटारायला लावायचं, ही निवड शास्त्राने केलेली नाही. चित्रपटाच्या बाजूने एवढं नोंदवायला हवं की न्यायसभेतले एकदोन जण विरोध करताना दिसतात, आणि शिमोन कुरेनेकर, ज्याला शिपाई ‘यहुदी’ म्हणून हिणवतो, येशूचा क्रूस उचलून त्याच्या खांद्याला खांदा लावून चढण चढतो. ते दृश्य फार चांगलं आहे.

आणखी एक चांगलं दृश्य, आणि त्याला शास्त्रात तसूभर आधार नाही. क्रूस घेऊन येशू पडतो. गल्लीच्या तोंडाशी उभ्या मरीयेला लहानपणी अडखळून पडलेला मुलगा आठवतो. तेव्हा ती जशी धावली होती तशीच आताही धावते. ‘मी आहे इथे.’ हे मत्तय-मार्कात नाही, लूक-योहानात नाही. पण लूकच्या दुसऱ्या अध्यायात, मंदिरात बाळाला हातात घेतलेला म्हातारा शिमोन मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. ती तलवार पुढे कधी, कुठे गेली ते लूक सांगत नाही. चित्रपटाने ती जागा शोधली. रचलेलं असून इमानी, असं हे दृश्य. उलट फटक्यांचं दृश्य वचनाला धरून, तरीही बेइमान.

कारण ग्रंथ काय सांगतो याइतकंच तो किती वेळ सांगतो यालाही अर्थ असतो. शुभवर्तमानकार ज्या जगात लिहीत होते तिथे क्रूसावर टांगलेली माणसं रस्त्याच्या कडेला दिसत. वर्णन करता आलं नाही म्हणून ते थांबले असं नाही. मार्क ‘त्याला वधस्तंभावर खिळलं’ एवढंच म्हणतो आणि लगेच शिपायांनी कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या त्याकडे वळतो. नजर वळवणं हा त्याच्या लिखाणाचा भाग आहे. त्याला हवं आहे की आपण विचारावं, हा माणूस कोण? गिब्सनच्या चाबकाखाली आपण विचारतो, हा माणूस अजून जिवंत कसा? चित्रपटाच्या सुरुवातीला जुन्या करारातल्या यशयाच्या 53व्या अध्यायातली ओळ आहे, तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला. त्याच अध्यायात थोडं पुढे आहे की वधाला नेत असलेल्या कोकरासारखा तो गप्प राहिला. गप्प राहण्याला पडद्यावर फारशी जागा मिळालेली नाही.

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तो डोळ्यांसमोरून सरकत असताना त्यांना मनात राम-कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यातून पुढे 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे एका परधर्मीयाला त्या पडद्यावर स्वतःचे देव ठेवायला जागा सापडली. ‘पॅशन’मध्ये तशी जागा शोधायचा मी प्रयत्न केला आहे. प्रत्येक वेळी रक्त आडवं येतं.

2005 च्या उपवासकाळात गिब्सनने सुमारे पाच मिनिटं कापून सौम्य आवृत्ती काढली. ती फारशी चालली नाही. कातरी बहुतेक फटक्यांवर चालली होती, आणि माझ्या मते ती चुकीच्या ठिकाणी चालली. कमतरता दुसरीकडे आहे.

येशूच्या मागे चालणाऱ्या मग्दालीया मरीयेकडे पाहा. चित्रपटात ती कोण आहे? एका पूर्वस्मृतीत धूळ, हातातून गळून पडणारे दगड, आणि येशूच्या पायाकडे सरकणारा बाईचा हात. योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात पकडलेली स्त्री. तिला शास्त्रात नाव नाही. मग्दालीयेशी तिचा संबंध शास्त्रात कुठेही नाही. मग्दालीयेला पापिणी ठरवण्याचं काम पोप पहिले ग्रेगरी यांच्या 591 च्या प्रवचनाने पक्कं केलं, तेही लूकच्या सातव्या अध्यायातल्या वेगळ्याच एका स्त्रीशी तिची सांगड घालून. चर्चच्या सणवारांच्या रोमन पंचांगाने 1969 मध्ये ती सांगड सोडवली. म्हणजे चर्चने पस्तीस वर्षं आधी पुसलेला डाग चित्रपटाने नव्या ठिकाणी लावला.

आणि जे चारही शुभवर्तमानं एकमताने सांगतात ते? चारही ग्रंथांत ज्या मोजक्या गोष्टी जुळतात त्यांत ही एक : रविवारी पहाटे थडग्याशी मग्दालीया होती. योहानात तर ती एकटी, रडत, बागेच्या माळ्याशी बोलते आहे असं समजून बोलते, आणि तो तिला नुसतं ‘मरीये’ म्हणतो. चित्रपटाच्या शेवटी धोंड सरकते, प्रकाश येतो, कफन खाली बसतं, येशू उठतो, हाताला भोक दिसतं, तो पडद्याबाहेर चालू लागतो. एखाद-दीड मिनिट. थडग्याशी कुणीच नाही.